तीन अटींचा कॅमेरा

शेंदूरजनाघाटातल्या कुठल्याही जुन्या घराच्या बैठकीत गेलात तर भिंतीच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या जरा खाली, पुढे झुकलेल्या फोटोंची रांग दिसते. खिळ्याला सुतळी, सुतळीला चौकट, चौकटीवर वाळून काळा पडलेला हार. आजोबा खुर्चीत बसलेले, डोक्याला फेटा, खांद्यावर दुपट्टा, मनगटावरचे घड्याळ दिसावे म्हणून बाही मुद्दाम मागे सारलेली. शेजारी तिपाई, तिपाईवर कागदी फुले. मागच्या पडद्यावर रंगवलेले खांब आणि वळणाचा जिना. तसला जिना आमच्या पंचक्रोशीत एकाही वाड्याला नव्हता. आजोबांच्या अंगातला कोट स्टुडिओवाल्याचा आणि चेहऱ्यावरची भीतीही थोडीशी त्याचीच, कारण 'हलू नका' असे त्याने बजावलेले असायचे.

संत्र्याच्या कलमांवर काहीतरी लिहायचे म्हणून मी मध्यंतरी गावात जुने फोटो मागत फिरलो. आमचे गाव कलमांचे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणारी बोटे, वाफ्यात उकिडवी बसलेली बायामाणसे, तोडीच्या दिवसांत आंगणात पडलेला संत्र्याचा ढीग, ओसरीवरचे जाते, कुडाला टेकवलेली खाट असे काही मिळेल या आशेने गेलो होतो. मिळाले ते सगळे खुर्ची, तिपाई आणि जिना. रोजच्या कामाचा फोटो काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते, आणि आले असते तरी फोटो म्हणजे पैशांचे काम. त्यात आमची आजी म्हणायची, "फोटू काढला का माणसाचं आयुष्य कमी होते." तिचा एकही फोटो नाही. ती ब्याण्णव वर्षे जगली.

मला हवे होते तसे घर शेवटी सापडले ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यात, आणि तेही गांधींच्या फोटोंत. वर्धा नदी मुलताईच्या बाजूला उगवते, आमच्या वरुड-मोर्शीला वळसा घालत वऱ्हाडची शीव आखते आणि पलीकडच्या जिल्ह्याला आपले नाव देऊन पुढे जाते. जुन्या हिशेबात वऱ्हाड नदीच्या अलीकडे संपतो, पण कवेलूंना आणि उन्हाला ती शीव माहीत नाही.

पहिल्यांदा माझी नजर अडकली ती एका उशीवर. सेवाग्राम, १९४० च्या आसपासचा उन्हाळा. सत्तरीतले गांधी बाहेर पडले आहेत आणि डोक्यावर चक्क उशी घेतली आहे. दुसरीकडच्या माणसाला ही गंमत वाटेल. आमच्याकडे वैशाखात कामाला निघणारा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकतो, खिशात कांदा ठेवतो. गांधींनी उशी घेतली एवढाच फरक. मला थांबवले ते निराळ्याच गोष्टीने. हा फोटो कुणी बोलावून काढलेला नव्हता. घरातलेच कुणीतरी दारात उभे होते, म्हातारा बाहेर पडताना दिसला आणि त्याने कळ दाबली.

ते घरातले कुणीतरी म्हणजे कनू गांधी. इथे नेहमी एक घोटाळा होतो, तो आधी सोडवतो. जुहूच्या वाळूत गांधींची काठी धरून पुढे ओढत नेणारा जो लहानगा सगळ्यांना ठाऊक आहे, तोही कनूच. पण तो रामदास गांधींचा मुलगा, गांधींचा सख्खा नातू. आपला कनू नारणदास गांधींचा. नारणदास हे गांधींचे पुतणे, साबरमती आश्रमाचा कारभार सांभाळणारे. हा कनू १९१७ साली जन्मला, आश्रमातच वाढला, कायदेभंगात पंधराव्या वर्षी तुरुंग बघून आला. डॉक्टर व्हावे असे त्याच्या मनात होते. घरच्यांनी त्याला गांधींच्या हाताखाली धाडले. तिथे वाट्याला आले ते पत्रांचे गठ्ठे, नोंदी, हिशेब आणि पडेल ते काम. गळा बरा, म्हणून प्रार्थनेत रामधून म्हणायचे कामही त्याच्याकडेच. कॅमेऱ्याचे कसलेही शिक्षण नाही.

हौशी फोटोग्राफी आपल्याकडे तेव्हा नवी नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू, स्वतः डॉक्टर असलेले नारायण दाजी हे त्या मंडळींतले मोठे नाव. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून हौशी फोटोग्राफरांसाठी एक मासिक चित्रसंग्रह चालवला. त्यात अस्सल फोटो चिकटवलेले असत. पण त्या हौसेची जात वेगळी होती. माणसे पोशाख आणि अवजारांसकट ओळीने उभी करायची आणि खाली जातीचे नाव लिहायचे. कीटकांच्या पेटीत टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांसारखी. काचेवर ओला लेप देऊन तो वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि आतच धुवायचा, असे ते तंत्र. माणसाला काही सेकंद पुतळा होणे भाग होते. आमच्या आजोबांचा ताठ कणा त्या काळातून चालत आलेला आहे. यंत्र सुधारले तरी लोकांची सवय गेली नाही.

ज्या गावात कनूचा कॅमेरा फिरणार होता त्याचे मूळ नाव शेगाव. वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवरचे, वस्ती बहुतेक दलितांची, रस्ता नाही, पोस्ट नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि साप-विंचू-मलेरिया फुकट. जमनालाल बजाज तिथले मालगुजार. गांधी १९३६ च्या ३० एप्रिलला तिथे पायी गेले. पहिले घर बांधताना अट होती की खर्च पाचशे रुपयांच्या वर जायचा नाही, माल आणि मजूर आसपासचेच घ्यायचे. म्हणून माती, बांबू, सिंदी, कवेलू. हे आदि निवास. एकच मोठी खोली, तिच्यात गांधी, कस्तुरबा, चिटणीस प्यारेलाल, येतील-जातील ते पाहुणे, सगळ्यांच्या वळकट्या. खान अब्दुल गफार खान इथेच राहिले. आमचे तुकडोजी महाराज १९३६ साली महिनाभर इथे होते. खंजिरी घेऊन भजन म्हणणारा सत्तावीस वर्षांचा साधू त्या खोलीत कसा दिसला असेल, हे बघायला मला फार आवडले असते. पुढे मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली झोपडी गांधींना मिळाली, तीच बापूकुटी. तिच्या भिंतीवर मीराबेनने ओल्या मातीत ॐ, ताडामाडासारखी झाडे, मोर आणि चरखा उठवला. इंग्रज आरमारातल्या अ‍ॅडमिरलची ही लेक, पण भिंत बघाल तर आमच्याकडची एखादी हौशी सून नागपंचमीला काढेल तशी.

गावाचे नाव बदलले ते एका साध्या अडचणीमुळे आणि तिचे मूळ वऱ्हाडात आहे. गांधींचे टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागले. तिकडे रेल्वे स्टेशन, मोठे पोस्ट, नाव सगळ्यांच्या तोंडी. इकडच्या शेगावला कोण ओळखतो? १९४० साली याचे सेवाग्राम झाले. वऱ्हाडचा आश्रमाशी सोयरसंबंधही होता. गांधींचे सहकारी किशोरलाल मशरूवाला यांचे घराणे अकोल्याचे, आणि गांधींचे दुसरे चिरंजीव मणिलाल यांचे लग्न १९२७ च्या मार्चात अकोल्यातच किशोरलालांच्या पुतणीशी, सुशीलाबाईंशी लागले. म्हणजे गांधी अकोल्याच्या मशरूवालांचे व्याही.

फोटो काढ असे कनूला सुचवले ते विनोबांच्या धाकट्या भावाने, शिवाजी भावे यांनी. ते आश्रमात आले होते. बापूंच्या रोजच्या जगण्याची नोंद राहायला हवी आणि ती तू ठेवू शकतोस, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. कल्पना डोक्यात बसली, पण कॅमेरा कुठून आणायचा? गांधींकडे पैसे मागितले तर त्यांनी सरळ नाही म्हटले. सार्वजनिक पैशातून अशी हौस भागवायची नाही. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोळ आला.

मग गांधींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधीही पोझ द्यायला सांगायचे नाही. आश्रम या कामाला पैसा देणार नाही.

या अटी बारकाईने बघितल्या तर गांधींनी अजाणता एक शैलीच घडवून दिली, असे मला वाटते. कुठल्याही उस्तादाने शिष्याला इतकी कडक आणि इतकी उपयोगाची बंधने घातली नसतील.

आधी फ्लॅशचे बघू. कुटीला खिडक्या लहान, छप्पर खाली उतरलेले, मातीच्या भिंती उजेड पिऊन टाकणाऱ्या. त्या काळची फिल्म आजच्या मानाने फारच मंद. अशा ठिकाणी दिवा न पेटवता फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात समोरचा माणूस हलतो. म्हणून या फोटोंत हलणारे हात धुक्यासारखे उतरले आहेत, दारातून आलेला उजेड एका गालावर पडून थांबला आहे आणि उरलेली खोली काळोखात बुडाली आहे. तंत्राच्या वहीत याला चूक म्हणतील. ज्याने दुपारी तीन वाजता कवेलूच्या घरात डोळे किलकिले करून माणूस ओळखला आहे, त्याला विचारा. आतून घर असेच दिसते.

दुसरी अट पोझची. 'बापू, जरा इकडे' म्हणायची सोय नाही. ते बसले असतील तसे, उठले की उठले. मग कनूला वाट बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तो तर तिथेच पत्रे लिहीत बसलेला. माणसे कॅमेऱ्याला विसरली, कारण ती कनूलाच विसरली होती. त्याच्या कितीतरी फोटोंत माणसे पाठमोरी आहेत, कुणाचे डोके चौकटीत मध्येच घुसले आहे, कुणाचा खांदा पुढे येऊन धूसर झाला आहे. गर्दीत मागे उभा असलेला घरचा पोरगा जे बघतो, ते हे.

रोलीफ्लेक्सचाही यात मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या कारखान्यात १९२९ पासून बनू लागलेली ही उभी काळी पेटी, पुढे एकावर एक दोन डोळे. वरचा डोळा बघण्यासाठी, खालचा फिल्मसाठी. ती डोळ्याला लावायची नसते. गळ्यात अडकवून पोटाशी धरायची, वरचे झाकण उघडायचे आणि मान खाली घालून आतल्या दुधी काचेत बघायचे. काचेवर चित्र उमटते ते डावे-उजवे उलटे. माणूस उजवीकडे सरकला तर चित्रात तो डावीकडे जातो, आणि सवय होईपर्यंत फोटोग्राफर स्वतःच भलतीकडे वळत राहतो. एका रोळावर बाराच फोटो, चौकोनी, सहा सेंटिमीटरचे. बारा संपले की रोळ बदला. विकत घेतलेला प्रत्येक रोळ मोजून वापरायचा असल्यावर माणूस उगाच कळ दाबत नाही. आणि मुख्य म्हणजे, समोरच्यावर कॅमेरा रोखला जात नाही. फोटो काढणारा मान खाली घालून उभा असतो, प्रार्थनेत असल्यासारखा. गांधी सत्तरीत, पोर विशीत. असे वाकून बघणे त्या घराच्या रीतीतही बसणारे होते.

त्यातून जे उतरले त्यात मोठ्या सभा आहेत, हरिपुऱ्याची काँग्रेस आहे, सुभाषबाबू आहेत, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांची भेट आहे. ते इतरांनीही टिपले. मला सेवाग्रामचे फोटो मोलाचे वाटतात. १९३८ चा एक आहे. गांधी टेलिफोनवर बोलत आहेत. ज्या गावात धड रस्ता नव्हता तिथे दिल्लीशी बोलता यावे म्हणून तार आली. कानाला काळा रिसीव्हर आणि भोवती मातीचे घर. दुसरा १९४० चा. गांधी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून वाकले आहेत. काचेखाली आहेत कुष्ठरोगाचे जंतू.

या जंतूंच्या मागे एक माणूस आहे आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. दत्तात्रेय परचुरेशास्त्री. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली गांधींची ओळख. कुष्ठरोगाने शरीर खाल्ले, आप्तांना जवळ नकोसे झाले. १९३९ साली ते एक दिवस सेवाग्रामला येऊन उभे राहिले. आश्रमात बायका होत्या, लहान मुले होती, पाहुण्यांचा राबता होता, आणि तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. गांधींनाही निर्णय सोपा गेला नाही. सगळ्यांना विचारले, मग ठेवून घेतले. बापूकुटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी वेगळी कुटी उभी राहिली. गांधी रोज तिथे जात, त्यांच्या अंगाला तेल लावत, जखमा बघत.

कनूने हे टिपले आहे. उघड्या अंगाचा एक माणूस, त्याच्याशी वाकून काम करणारा दुसरा उघड्या अंगाचा माणूस. दोघांच्याही बरगड्या मोजता येतात. गांधींचे लक्ष हातातल्या कामात आहे, न्हाव्याचे किंवा वैदूचे असते तसे. चेहऱ्यावर करुणेचा भाव वगैरे काही आणलेला नाही. पोझ घ्यायला सांगितले असते तर तो नक्की आला असता, आणि फोटो मेला असता. नंतर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर रंगवलेले गांधी-परचुरे मी पाहिले आहेत. त्यांत गांधींच्या डोक्यामागे तेजोवलय आहे आणि शास्त्रीबुवांच्या अंगावर एकही व्रण नाही. परचुरेशास्त्री पुढे वर्ध्याजवळच्या दत्तपूरला गेले. तिथे विनोबांचे शिष्य मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवले होते. १९४५ साली तिथे त्यांचा शेवट झाला.

तिसऱ्या अटीचे, पैशांचे, कनूने कसे निभावले? फोटो विकून. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिका'ने त्याला दरमहा शंभर रुपये द्यायला सुरुवात केली, म्हणजे बिर्लांनी एकदा दिले तेवढे आता दर महिन्याला. गांधी आपल्या सहीचे पाच रुपये हरिजन फंडासाठी घेत. त्या घरात फुकट काहीच नव्हते, त्यामुळे फोटोंनी स्वतःचे पोट स्वतः भरावे यात कुणाला वावगे वाटले नसणार. पण वर्तमानपत्रांत फोटो छापून आले तरी खाली नाव बहुतेक वेळा नसे. गांधींचा फोटो म्हणजे गांधींचा. काढणाऱ्याचे नाव कोण विचारतो? आमच्या बैठकीतल्या आजोबांचा फोटो कुणी काढला हे तरी आम्हाला कुठे ठाऊक आहे?

बाहेरून येणाऱ्यांची रीत किती निराळी होती, हे एका प्रसंगावरून कळते. १९४६ साली 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्याला निसर्गोपचार केंद्रात गांधींचा फोटो घ्यायला आल्या. आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या. मग फक्त तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला, आणि चरख्याआडून वाचत बसलेले गांधी हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक झाले. फोटो अप्रतिम आहे, वादच नाही. पण तो पाहुण्याचा आहे. पाहुणा तीन बल्ब घेऊन येतो आणि एक क्षण घेऊन जातो. घरच्याला बल्ब मिळत नाहीत, त्याला वर्षे मिळतात.

घरच्याला मिळालेल्या या वर्षांत मृत्यूही येतात. १९४२ च्या फेब्रुवारीत जमनालालजी गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाई गेले. वर्ध्यातली मगनवाडी ते शेगाव ही पाच-सहा मैलांची वाट त्यांनी वर्ध्याच्या उन्हात रोज जाऊन-येऊन तुडवली होती. १९४४ च्या सुरुवातीला त्याच पॅलेसमध्ये कस्तुरबा अंथरुणाला खिळल्या. सरकारने शुश्रूषेसाठी कनूला आत जाऊ दिले. तो त्यांना भजने म्हणून दाखवी. २२ फेब्रुवारी, महाशिवरात्रीची संध्याकाळ. बांचे डोके बापूंच्या मांडीवर. कनूला फोटो घ्यायचा होता. गांधींनी नको म्हटले.

तीन अटींत न बसणारी ही चौथी. कनूने पाळली. त्या संध्याकाळचा फोटो नाही.

त्याच वर्षी कनूचे लग्न झाले, आभा चॅटर्जीशी. ही बंगाली मुलगी लहानपणीच आश्रमात आली होती. पुढच्या दोन वर्षांत गांधींच्या बंगाल, आसाम आणि दक्षिणेच्या दौऱ्यांत कनू बरोबर होता. आगगाडीच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी बाहेर आलेला गांधींचा उघडा तळवा आणि खाली फलाटावरची माणसे, हा फोटो त्या प्रवासातला. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधींनी सेवाग्राम सोडले. परत येणे झाले नाही. त्या नोव्हेंबरात दंगलीने पोळलेले पूर्व बंगालातले नोआखाली. गांधींनी आपली माणसे तिथे एकेका खेड्यात एकेकटी पांगवली, कनू आणि आभा यांनाही. आभा पुढे गांधींजवळ परतली. कनू त्यांच्याच सांगण्यावरून नोआखालीत राहिला.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत हेन्री कार्तिए-ब्रेसाँ होते, दुपारीच गांधींना भेटून आपले फोटोंचे पुस्तक दाखवून गेले होते. मार्गारेट बर्क-व्हाइटही होत्या, त्यांनी त्याच दिवशी मुलाखत घेतली. संध्याकाळी प्रार्थनेच्या वाटेवर गांधींचा एक हात आभाच्या खांद्यावर होता, दुसरा नात्यातल्याच मनू गांधीच्या. दहा वर्षे ज्याने रोजचे चालणे-बसणे टिपले तो शेकडो कोसांवर, पाकिस्तानात गेलेल्या नोआखालीत होता.

त्यानंतर कनू आणि आभा काठेवाडात राजकोटच्या बाजूला जाऊन राहिले, कस्तुरबांच्या नावाच्या संस्थेत खेड्यातल्या लोकांसाठी काम करत. १९८६ साली तो गेला, १९९५ साली आभा. बर्लिनच्या पीटर र्‍यूए नावाच्या गृहस्थांनी त्याचे फोटो जपून लोकांपुढे आणले, आणि २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने ते 'कनूज गांधी' नावाने पुस्तकात छापले. प्रशांत पंजियार आणि संजीव सेठ या दोघा जाणत्यांनी ते निवडले. कनूच्या नावाने फोटोंचा असा ग्रंथ निघायला एवढी वर्षे जावी लागली.

या नोंदीत उणे काय, तेही सांगतो. कनू भक्त होता. त्याला बापूंचा हनुमान म्हणत. आश्रमातले रुसवे-फुगवे, कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी स्वयंपाकघरावरून चिडले आहे, हे सगळे गांधींच्या पत्रांत भरपूर सापडते, फोटोंत एक धागाही नाही. आणि मूळच्या शेगावची माणसे, जी या घरांच्या भिंती उभारायला आली असतील, ती चौकटीच्या कडेला आहेत. पुढचे माणूस धूसर झाले की मगच दिसावीत अशी. कुणाच्या डोक्यावर टोपले, कुणी नुसते उभे. मी मात्र त्या कडाच बघत बसतो. गांधींसाठी काढलेल्या या फोटोंनी त्यांच्या पाठीमागे, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आमच्या मुलखातले एक घर टिपून ठेवले. बांबूचे तट्टे, सिंदीची चटई, उतरते कवेलू, ओसरीचा गोल खांब, टेकायला भिंतीशी उभी केलेली फळी, पाण्याचा माठ. आमच्या बैठकीतल्या रंगवलेल्या जिन्याआड जे लपले, ते इथे उघडे पडले आहे.

त्यातला बापूकुटीच्या आतला एक फोटो मी मोठा करून घेतला आणि गावात आमच्या शेजारच्या म्हातारीला दाखवला. तिने चाळीस वर्षे नर्सरीत डोळे बांधले, आता स्वतःचे अधू झाले आहेत. कागद तिने उंबऱ्यात उजेडाला धरला, जवळ नेला, लांब नेला. मी म्हटले, "ओळखलं का मोठी माय, कोण हायेत?"

"गांधीबाबा होय, नाही कायले ओळखीन?" ती म्हणाली, पण तिचे बोट गांधींवर नव्हते. ते मागच्या भिंतीवरून फिरत होते, खालून वर, जसा हात फिरतो तसे. "भित मात्र मस्त पोतारली हाय रे. कोणं पोतारली?"